चाचणीचा संदिग्ध कौल आणि स्वमग्न मूल

छापील कागदावरील आकड्याला आपल्या समाजात मोठा मान आहे. गुणपत्रिका असो, अंदाजपत्रक असो की रक्ततपासणीचा अहवाल असो, आकडा एकदा कागदावर उमटला की तो कोणत्या रीतीने निघाला हे सहसा कोणी विचारीत नाही. त्यातही वैद्यकीय अहवालाचा दरारा अधिक. कारण तो हाती घेणारा माणूस बहुधा आधीच चिंतेत असतो. परंतु अहवाल जेव्हा स्पष्ट 'होय' अथवा स्पष्ट 'नाही' न सांगता मधलेच काही सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रश्न वैद्यकाइतकाच तर्काचा व संख्याशास्त्राचाही होतो. या प्रश्नाचे एक विशेष बिकट रूप गेली काही वर्षे अमेरिकेच्या ईशान्य भागात पाहावयास मिळते. स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे निदान झालेल्या काही मुलांचे रक्त 'लाइम' या गोचिडीपासून होणाऱ्या रोगासाठी तपासले जाते. अहवाल संदिग्ध येतो. आणि त्या संदिग्धतेच्या पायावर आशेचे, खर्चाचे व औषधोपचाराचे मोठे इमले उभे राहतात.

महाराष्ट्रातल्या अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या दूरदेशीच्या रोगाशी काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दुहेरी आहे. एक तर न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया अशा ज्या राज्यांत हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो, त्याच राज्यांत आपली अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. नातवंडे तिकडे आणि आजी-आजोबा इकडे, अशी घरे आता पुण्या-मुंबईतच काय, तालुक्याच्या गावीही आढळतात. तिकडच्या अहवालाचे छायाचित्र क्षणार्धात इकडे येते आणि 'सर, तुम्ही संख्याशास्त्र शिकवता, याचा अर्थ काय ते सांगा' अशी पृच्छा एखाद्या जुन्या विद्यार्थिनीकडून प्रस्तुत लेखकालाही येते. दुसरे म्हणजे, या प्रश्नाच्या मुळाशी जो तर्क आहे तो केवळ लाइमपुरता नाही. आपल्याकडे साधा ताप आला की विषमज्वरासाठी 'विडाल' चाचणी करतात, तिच्या अहवालालाही तोच लागू पडतो.

दोन मातांची यादी

लाइम हे कनेक्टिकट राज्यातील एका लहानशा गावाचे नाव. १९७५ च्या सुमारास त्या परिसरातील अनेक मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टरांनी प्रत्येक मुलाला बालसंधिवाताचे निदान केले. पॉली मरी या गृहिणीचे त्या उत्तराने समाधान झाले नाही. इतका विरळा रोग एकाच रस्त्यावरील इतक्या घरांत कसा, असा साधा प्रश्न त्यांनी उपस्थित केला, आजारी माणसांची यादी केली आणि ती आरोग्यखात्यापुढे ठेवली. दुसऱ्याही एका मातेने तशीच तक्रार केली. येल विद्यापीठातील डॉ. ॲलन स्टीअर यांनी शोध घेतला आणि १९७७ साली शेजारशेजारच्या तीन वस्त्यांतील ५१ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३९ मुले होती. पुढे विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांना गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखा वळलेला जंतू सापडला, १९८२ साली तो शोध प्रसिद्ध झाला, आणि त्यांच्याच नावावरून जंतूला 'बोरेलिया बर्गडॉर्फेरी' हे नाव मिळाले.

हा रोग काल्पनिक नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. २०१० ते २०१८ या काळात अमेरिकेत दरसाल सुमारे ४,७६,००० लोकांवर या रोगाचे निदान होऊन उपचार झाले, असा तेथील 'सीडीसी' या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. गोचीड चावल्यानंतर काही दिवसांनी त्या जागी पसरत जाणारा तांबडा चट्टा उठतो. ताप व अंगदुखी येते. वेळीच औषध न मिळाल्यास चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, हृदयाच्या ठोक्यांत अडथळा येणे, गुडघा सुजणे असे विकार संभवतात. योग्य निदान झाले तर औषध साधे आहे. चट्ट्याच्या अवस्थेत १० ते १४ दिवसांची प्रतिजैविके सामान्यतः पुरतात; सांधा सुजला असेल तर २८ दिवसांची.

चाचणी नेमके काय पाहते?

आता चाचणीकडे वळू. प्रचलित चाचणी रक्तात प्रत्यक्ष जंतू शोधीत नाही. जंतूशी सामना करण्यासाठी शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे ती शोधते. चोर न पाहता त्याच्या पावलांचे ठसे पाहावेत, तसा हा प्रकार आहे. यातून तीन अडचणी उद्भवतात. पहिली ही की प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागतात. म्हणून अगदी प्रारंभी रोग असूनही अहवाल 'नाही' असा येऊ शकतो. दुसरी ही की रोग बरा झाल्यानंतरही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे रक्तात राहू शकतात. म्हणून 'होय' असा अहवाल आला तरी रोग आज आहे, असे सिद्ध होत नाही. तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची. या जंतूच्या अंगावरील काही प्रथिने इतर निरुपद्रवी जंतूंच्या प्रथिनांसारखीच असतात. आपल्या तोंडातही याच जातकुळीचे सूक्ष्म जंतू वास करतात. त्यांच्यामुळे तयार झालेली प्रतिपिंडे लाइमच्या चाचणीत उगाचच हात वर करतात.

या अडचणी ध्यानात घेऊन १९९४ साली मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे भरलेल्या परिषदेने चाचणीचे दोन टप्पे ठरविले. प्रथम 'एलायझा' ही चाचणी करावी. तिचा निकाल 'नाही' असेल तर तेथेच थांबावे. 'होय' अथवा 'संदिग्ध' असेल तरच दुसरी, 'वेस्टर्न ब्लॉट' ही चाचणी करावी. या दुसऱ्या चाचणीत जंतूची प्रथिने वजनानुसार वेगळी करून एका पट्टीवर मांडलेली असतात. ज्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड असेल तेथे आडवी रेघ उमटते. प्रतिपिंडांचे दोन प्रकार येथे पाहतात. आयजीएम हे आधी येणारे. त्याच्या तीन ठरावीक रेघांपैकी निदान दोन उमटल्या तरच निकाल 'होय' धरावयाचा, आणि तोही आजार सुरू होऊन महिना उलटला नसेल तरच. आयजीजी हे मागाहून येणारे व टिकणारे. त्याच्या दहा ठरावीक रेघांपैकी निदान पाच हव्यात. २०१९ पासून रेघांऐवजी दुसरीही एलायझाच करण्याची एक सुधारित पद्धत अमेरिकेत मान्य झाली आहे. परंतु दोन टप्प्यांचे तत्त्व तेच राहिले आहे.

संदिग्ध अहवाल येतो तो बहुधा तीन रूपांनी. पहिल्या चाचणीचा आकडा सीमारेषेवर असतो. किंवा दुसरीत पाचाऐवजी एक, दोन वा तीनच रेघा उमटतात. किंवा महिने लोटले तरी आयजीएम 'होय' म्हणते आणि आयजीजी 'नाही' म्हणते. आई-वडील तो कागद पाहतात आणि म्हणतात, 'काही तरी आहे खास. उगाच का रेघ उमटली?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र प्रयोगशाळेत मिळत नाही. थोडे गणित करावे लागते.

हजार मुलांचा हिशेब

अठराव्या शतकात टॉमस बेज नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने संभाव्यतेविषयी एक निबंध लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील मर्म असे की नव्या पुराव्याचे वजन पुराव्यापूर्वीच्या शक्यतेवर अवलंबून असते. समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. हजार मुलांपैकी दहांना खरोखर रोग आहे. चाचणी दर दहा रोग्यांपैकी नवांना पकडते आणि दर शंभर निरोग्यांपैकी पाचांना चुकीने 'होय' म्हणते. चाचणी तशी वाईट नाही. सर्व हजार मुलांची तपासणी केली तर दहा रोग्यांपैकी नऊ सापडतील. आणि ९९० निरोग्यांपैकी सुमारे ५० जणांनाही 'होय' असा शेरा मिळेल. म्हणजे 'होय' म्हटलेल्या ५९ मुलांपैकी खरे रोगी नऊच. टक्केवारी सुमारे १५.

आता तीच चाचणी वेगळ्या हजार मुलांना लावू. ही मुले गोचिडींच्या प्रदेशात राहणारी, उन्हाळ्यात रानात खेळलेली, आणि त्यांचे गुडघे सुजलेले. त्यांच्यापैकी निम्म्यांना रोग आहे असे धरू. येथे ४५० खरे रोगी व २५ निरोगी 'होय' या रकान्यात येतील. 'होय' खरे असण्याची शक्यता जवळजवळ ९५ टक्के. चाचणी तीच, प्रयोगशाळा तीच, कागदही तोच. पण एका ठिकाणी 'होय'चा अर्थ 'बहुधा नाही' असा होतो आणि दुसऱ्या ठिकाणी 'जवळजवळ नक्की होय' असा. फरक पडला तो चाचणीपूर्वी आपण काय पाहिले त्यामुळे. स्पष्ट 'होय'ची ही कथा, तर 'संदिग्ध' निकालाचे वजन त्याहून कितीतरी कमी, हे सांगावयास नकोच. विडालचे असेच आहे. विषमज्वर जेथे वारंवार आढळतो, तेथे पूर्वी कधी तरी झालेल्या संसर्गामुळे किंवा लसीमुळे प्रतिपिंडे अनेकांच्या रक्तात असतातच. एका अहवालावरून आजच्या तापाचे कारण ठरत नाही.

रेघांविषयीही थोडा हिशेब करावा. निरोगी माणसात प्रत्येक रेघ योगायोगाने उमटण्याची शक्यता शंभरात पाच आहे, असे क्षणभर धरू. दहा रेघा तपासल्या तर त्यांपैकी निदान एक तरी उमटण्याची शक्यता ४० टक्के येते. पाच किंवा अधिक रेघा उमटण्याची शक्यता मात्र एक लाखात सहा इतकीच राहते. रेघा एकमेकींपासून सर्वस्वी स्वतंत्र नसतात, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. परंतु पाचांचा निकष इतका कडक का, हे त्यावरून कळते. ४१ किलोडाल्टन वजनाच्या प्रथिनाची रेघ तर निरोगी माणसांतही वारंवार आढळते. तिच्या एकटीच्या साक्षीला काहीच अर्थ नाही. जी प्रयोगशाळा स्वतःचे सैल निकष लावून दोन-तीन रेघांनाच 'होय' म्हणते, ती अधिक रोगी शोधीत नसून निरोग्यांना रोगी ठरवीत असते. सीडीसीने २००५ साली लाइमच्या अप्रमाणित चाचण्यांविषयी जाहीर सावधगिरीची सूचना दिली होती, ती याच कारणास्तव.

स्वमग्नतेशी संबंध आहे काय?

आता मुख्य दाव्याकडे येऊ. २००८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात गोचिडीपासून होणारे संसर्ग व स्वमग्नता यांत संबंध असावा, असे गृहीतक मांडले गेले. स्वमग्न मुलांपैकी २० टक्के किंवा त्याहूनही अधिक मुलांना लाइमचा संसर्ग असतो, असा आकडा प्रचलित झाला. गृहीतक मांडणे हा गुन्हा नव्हे; विज्ञान त्यावरच पुढे जाते. परंतु गृहीतकाची परीक्षा व्हावी लागते. ती २०१३ साली झाली. 'जामा' या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० स्वमग्न व ५० इतर मुलांचे रक्त दोन टप्प्यांच्या प्रमाणित पद्धतीने तपासले गेले. एकाही स्वमग्न मुलात लाइमचा पुरावा आढळला नाही.

सत्तरच मुले, एवढ्यावरून काय सिद्ध होते, अशी शंका कोणी घेईल. गणित करून पाहावे. खरे प्रमाण २० टक्के असते, तर सत्तरांत एकही न सापडण्याची शक्यता एक कोटीत एक-दोन इतकी येते. 'चाचणीच सदोष आहे, ती निम्म्याच रोग्यांना पकडते' असा आक्षेप मान्य केला, तरी ती शक्यता दहा हजारांत सहाच्या वर जात नाही. हा अभ्यास एखाद-दुसऱ्या स्वमग्न मुलाला लाइम होणारच नाही असे म्हणत नाही, आणि तसे म्हणण्याचा त्याचा हेतूही नव्हता. एवढे मात्र तो निश्चित सांगतो की दर पाच स्वमग्न मुलांपैकी एकाच्या मागे हा जंतू आहे, हा दावा टिकत नाही.

मग दोन्ही गोष्टी एकाच मुलात दिसतात त्या कशा? येथे सहअस्तित्व आणि कार्यकारणभाव यांतील जुना भेद आठवावा. न्यू जर्सी राज्यात २०१४ साली आठ वर्षे वयाच्या दर ३४ मुलांपैकी एकास स्वमग्नता असल्याची नोंद झाली. त्याच राज्यात लाइमचे रुग्णही दरवर्षी हजारोंनी नोंदले जातात. ज्या प्रदेशात दोन गोष्टी इतक्या सामान्य आहेत, तेथे त्या केवळ योगायोगानेही काही घरांत एकत्र येणारच. अशा घराची कहाणी सर्वांच्या कानी जाते; ज्या असंख्य घरांत दोहोंपैकी एकच आहे, त्यांची कहाणी कोणी सांगत नाही.

'पण औषध दिल्यावर मूल सुधारले' हा दुसरा युक्तिवाद. स्वमग्न मुलाच्या वागण्यात चढउतार असतातच. आई-वडील उपचारासाठी धाव घेतात ते बहुधा सर्वांत वाईट काळात, आणि त्यानंतर थोडी सुधारणा औषधाविनाही अपेक्षितच असते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली उंचीच्या संदर्भात दाखवून दिलेली मध्याकडे परतण्याची प्रवृत्ती ती हीच. शिवाय मूल वाढत असते, शिकत असते. शाळेतील शिक्षिका व घरची माणसे त्याच्यासाठी झिजत असतात. त्यांच्या श्रमाचे श्रेय गोळीच्या खाती जमा करणे हा हिशेबातला अन्याय आहे.

चुकीची किंमत कोण भरतो?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी प्रत्येक निर्णयात एक प्रश्न विचारतो : चूक झाली तर किंमत कोणी मोजावयाची? 'खोट्या होकारा'ची किंमत लहान नाही. महिनोन्महिने चालणारी प्रतिजैविके, काही वेळा शिरेत नळी घालून; त्यातून जुलाब, आतड्यांचे विकार, रक्तात विष भिनणे. सीडीसीने २०१७ साली 'जुनाट लाइम' असे निदान करून दीर्घ उपचार दिलेल्या पाच रुग्णांचे वृत्तान्त प्रसिद्ध केले; त्यांत गंभीर जंतुसंसर्ग व मृत्यू यांची नोंद आहे. प्रौढ रुग्णांवर झालेल्या नियंत्रित प्रयोगांत दीर्घकालीन प्रतिजैविकांनी टिकाऊ लाभ झाल्याचे दिसले नाही. स्वमग्न मुलाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. ज्याला सुई, परके हात, झगझगीत दिवे यांचा विलक्षण त्रास होतो, अशा बालकाला पुन्हा पुन्हा रक्त देण्यासाठी धरून ठेवावे लागते. पोटात दुखते आहे, मळमळते आहे, हे त्याला सांगता येईलच असे नाही. निर्णय मोठ्यांचा असतो आणि किंमत भरतो तो न बोलणारा.

पैशाची बाजूही पाहिली पाहिजे. २००८ साली अमेरिकेतील सात मोठ्या व्यापारी प्रयोगशाळांनी मिळून लाइमच्या सुमारे ३४ लाख चाचण्या केल्या. त्यांचा अंदाजित खर्च ४९ कोटी डॉलरांच्या घरात होता. यात लबाडीच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहुसंख्य चाचण्या शंका रास्त असल्यामुळेच झाल्या असतील. परंतु केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले की वैद्यकीय सेवेचा बाजार हा भाजीच्या बाजारासारखा नसतो. येथे ग्राहकाला मालाची पारख नसते आणि विक्रेत्याला ती असते. भेंडी कोवळी आहे की नाही हे आपण मोडून पाहतो. रेघांची पट्टी मोडून पाहता येत नाही. त्यातून ग्राहक जर अपत्यासाठी व्याकूळ झालेले मातापिता असतील, तर त्यांच्या आशेला किंमत लावणारा कोणी ना कोणी पुढे येतोच. एकदा बरीच रक्कम खर्च झाली की थांबणे अधिकच जड जाते. 'इतके केले, आता थोडे आणखी' हे वाक्य आपण आपल्या बंद पडलेल्या साखर कारखान्यांच्या बाबतीतही ऐकले आहे.

दुसरी बाजू

तथापि या विवेचनाचा असा अर्थ कोणी घेऊ नये की स्वमग्न मुलाच्या आई-वडिलांनी शंका घेणेच चूक. 'खोट्या नकारा'चीही किंमत असते. जे मूल बोलत नाही, त्याचा गुडघा सुजला तर ते चिडते, हात चावते, चालण्याचे टाळते. आणि पाहणारा डॉक्टर 'हे स्वमग्नतेमुळेच' म्हणून विषय संपवितो. आधीच्या निदानाच्या सावलीत नवा आजार झाकला जाणे हा अशा मुलांच्या वाट्याला येणारा नित्याचा अन्याय आहे. लाइमच्या प्रदेशात राहणाऱ्या, उन्हाळ्यात अंगणात-रानात खेळलेल्या स्वमग्न मुलाच्या अंगावर पसरणारा तांबडा चट्टा दिसला, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, सांधा सुजला, तर त्याचे निदान व उपचार इतर कोणत्याही मुलाप्रमाणे, तितक्याच तत्परतेने झाले पाहिजेत. ठरावीक स्वरूपाच्या चट्ट्यासाठी तर रक्ततपासणीची वाटही पाहावयाची नसते.

पॉली मरी यांचे उदाहरण येथे पुन्हा आठवते. आईचे निरीक्षण खरे ठरले आणि निष्णातांचे निदान चुकले, हा लाइमच्या इतिहासाचा आरंभच आहे. म्हणून 'डॉक्टर ऐकत नाहीत' ही तिकडच्या पालकांची तक्रार उडवून लावता येत नाही. पण मरी यांनी काय केले ते नीट पाहावे. एका मुलाच्या एका संदिग्ध कागदावर त्यांनी सिद्धान्त उभारला नाही. सुजलेले गुडघे त्यांनी मोजले, घरे मोजली, यादी केली आणि ती तपासणाऱ्यांच्या स्वाधीन केली. यादी परीक्षेला उतरली म्हणून ती विज्ञान झाली. स्वमग्नता व लाइम यांच्या संबंधाचे गृहीतकही तसेच परीक्षेला बसविले गेले. ते उतरले नाही, एवढेच.

मग संदिग्ध अहवाल हाती आला तर करावे काय? चार प्रश्न विचारावेत. चाचणी कोणत्या लक्षणासाठी सांगितली होती? केवळ बोलणे उशिरा आले, नजर देत नाही, एकाच खेळात रमते, ही कारणे असतील तर ती लाइमची लक्षणे नव्हेत. चाचणीपूर्वीची शक्यताच इतकी अल्प की सीमारेषेवरचा आकडा तिच्यात फारशी भर घालीत नाही. मूल लाइमच्या प्रदेशात राहिले वा गेले होते काय? तसे नसेल तर प्रश्नच मिटतो. चाचणी प्रमाणित दोन टप्प्यांची होती काय? नसेल तर अहवाल बाजूला ठेवून, गरज असल्यास ती पद्धतशीर करून घ्यावी. आणि आजार अलीकडचा आहे की जुना? अलीकडचा असेल व लक्षणे पटण्यासारखी असतील, तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त पाहावे. खरा संसर्ग असेल तर आयजीजीच्या रेघा वाढतात. महिने उलटूनही एकटे आयजीएमच 'होय' म्हणत असेल, तर तो बहुधा खोटा होकार समजावा. हे प्रश्न मुलाच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञापुढे बसून विचारावयाचे आहेत, हे वेगळे सांगणे नको.

२०२० साली संसर्गजन्य रोग, मज्जाविज्ञान आणि संधिवात या तीन शाखांच्या अमेरिकी संस्थांनी मिळून लाइमविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. विकासात्मक, वर्तनविषयक अथवा मानसिक विकार असलेल्या मुलांची लाइमसाठी सरसकट तपासणी करू नये, असे त्यांत सुचविले आहे. उपलब्ध पुरावा थोडा असल्याने ती शिफारस सौम्य शब्दांत आहे. आणि तोच तिचा प्रामाणिकपणा आहे. 'सरसकट' हा शब्द त्यात मोलाचा. कारण असेल तेव्हा चाचणी करा. कारण नसेल तेव्हा चाचणीकडूनच कारण मागू नका, असा त्याचा सरळ अर्थ.

आपल्या येथून तिकडे दूरध्वनीवर बोलणाऱ्या आजी-आजोबांनी, काका-मावशांनी एक पथ्य पाळावे. 'अजून एक तपासणी करून घ्या ना, काय बिघडते?' हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो; परंतु बिघडते ते वर सांगितले आहे. त्याऐवजी मुलाला शिकविणारी शिक्षिका कोण, ते आज काय नवे शिकले, आईला रात्री झोप मिळते का, हे विचारले तर त्या घराला अधिक आधार मिळेल. आणि महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकविणाऱ्या आम्हां मंडळींनी बेजचा सिद्धान्त फळ्यावर सिद्ध करून न थांबता रक्ततपासणीचा एखादा अहवाल वर्गात वाचून दाखवावा. विद्यार्थी उद्या आई-वडील होणार आहेत. छापील आकड्यापुढे मान तुकविण्याआधी, तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून छापला गेला आहे, एवढे विचारण्याची सवय त्यांना लागली, तर त्या शिक्षणाचे चीज झाले असे म्हणता येईल.